मराठी घरातील लांब भिंत : शब्द आणि सजावट

मराठेशाहीतील भित्तिचित्रांचा विचार बहुधा चित्रांच्या अंगाने केला जातो. विषय पौराणिक की दरबारी, शैली राजस्थानी की दख्खनी, चितारी कोठला, हे प्रश्न प्रथम पुढे येतात. ज्या भिंतीवर चित्र आले तिच्याकडे त्या मानाने दुर्लक्ष होते. दिवाणखान्याची, सोप्याची वा माजघराची लांब भिंत घरच्या माणसांनी कशी पाहिली, कशी वापरली आणि चितारी येण्यापूर्वी तिच्यावर काय होते, हे समजल्याखेरीज चित्रांच्या इतिहासालाही पाया मिळत नाही. अडचण साधनांची आहे. जुन्या घरांच्या मातीच्या भिंती उरलेल्या नाहीत; उरले आहेत ते वाडे, आणि तेही थोड्या सरदारांचे व कारभाऱ्यांचे. अशा वेळी घराच्या अंगांना व भिंतीवरच्या वस्तूंना भाषेने दिलेली नावे हे एक साधन हाताशी राहते. त्या साधनाला मर्यादा आहेत, आणि त्या न ओळखल्यामुळे एक चुकीचे अनुमान सहज निघते. त्याचा विचार पुढे येईलच.

प्रारंभ 'भिंत' ह्याच शब्दापासून करावा. संस्कृत 'भित्ति' पासून तो आला. मध्ये शिरलेला अनुस्वार मराठीला नवा नाही. 'उच्च' चे 'उंच', 'उष्ट्र' चा 'उंट', 'पक्ष' चा 'पंख' होतो, त्याच जातीचा हा प्रकार आहे. महत्त्वाचे आहे ते मुळाचे. 'भित्ति' हा शब्द 'भिद्' म्हणजे चिरणे, फोडणे ह्या धातूचा. आणि शतपथब्राह्मणात तो चिरलेल्या बोरूंच्या वा वेतांच्या तट्टीसाठी आलेला आहे. दगडामातीची भिंत हा त्याचा पुढचा अर्थ. म्हणजे भारतीय घराची भिंत शब्दाच्या बाजूने पाहिली तर प्रथम विणलेली, चिरफाळ्यांची, खांबांमधली पोकळी बुजविणारी अशी होती. छताचा भार तिच्यावर नव्हता.

ह्या तर्काला मराठीतच दुसरा आधार मिळतो. कारवीच्या काठ्यांचे वा बांबूच्या कामट्यांचे तट्टे उभे करून त्यावर शेणमाती लिंपली की जी भिंत होते तिला कोकणात आणि सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना 'कूड' म्हणतात. हा शब्द संस्कृत 'कुड्य', प्राकृत 'कुड्ड' ह्यांचा वंशज आहे. संस्कृतात 'कुड्य' आणि 'भित्ति' हे जवळजवळ एकाच अर्थाचे शब्द. मराठीने दोन्ही ठेवले आणि त्यांत वाटणी केली. पक्क्या बांधणीची ती भिंत, काठ्यांचा तो कूड. अर्थाची ही वाटणी होताना 'भित्ति' शब्द आपले मूळचे काम 'कुडा'वर सोपवून स्वतः वरच्या पायरीवर गेला, असे म्हटले तरी चालेल. घरे जसजशी पक्की होत गेली तसतशी शब्दांचीही प्रतिष्ठा बदलली.

भिंत भरावाची आणि भार खांबांवर, ही बांधणी मोठ्या वाड्यांतही टिकली. दगडी जोते, त्यावर लाकडी खांब, खांबांवर तुळया, आणि मधल्या जागेत विटा वा माती. बाहेरच्या भिंती जाड असल्या तरी आतल्या घराचा हिशेब खांबांवरूनच होई. त्या हिशेबाचे माप म्हणजे 'खण'. दोन खांबांमधले वा दोन तुळयांमधले अंतर तो एक खण. घर पाचखणी असे, माडी तीनखणी असे. घर सांगताना हात-फूट न सांगता खण सांगितला जाई. मोल्सवर्थच्या कोशात (दुसरी आवृत्ती १८५७) ह्या शब्दाचे आणखी अर्थ आहेतच : पेटीचा वा कपाटाचा कप्पा, आणि चोळीसाठी लागणारा कापडाचा तुकडा. तिन्ही ठिकाणी कल्पना एकच आहे. अखंड लांबीतून उपयोगापुरता मोजून घेतलेला भाग म्हणजे खण. कापडाच्या ठाणातून चोळीचा खण निघतो तसा भिंतीतून घराचा खण निघतो.

लांब भिंतीच्या सजावटीची किल्ली येथे आहे. आजच्या घरात लांब कोरी भिंत हा एक प्रश्न होऊन बसतो. एवढ्या लांबीचे करावे काय, असा विचार पडतो. खणांच्या घरात हा प्रश्न उद्भवतच नव्हता, कारण भिंत लांब असली तरी ती अखंड अशी कधी दिसतच नव्हती. दर काही हातांवर खांब वा अर्धखांब, त्यांवर तुळईचे डोके, आणि दोन खांबांमध्ये एक आटोपशीर चौकोन. प्रत्येक चौकोनात मध्यभागी कोनाडा वा देवळी, कोठे भिंतीत बसविलेले फडताळ, कोठे खुंट्यांची ओळ. ही रचना एका खणात जशी तशीच पुढच्या खणात. भिंतीला जी शोभा आली ती ह्या पुनरावृत्तीने आली, आणि ती शोभा म्हणून आणलेली नव्हती. कोनाडा दिव्यासाठी, देवळी देवासाठी वा डबी-फणीसाठी, खुंटी पागोट्या-अंगरख्यासाठी. वस्तूंच्या नेमकेपणातून लय उत्पन्न झाली.

ह्या वस्तूंचे घरातले स्थान किती पक्के होते हे वाक्प्रचारांवरून दिसते. अक्कल खुंटीला टांगली जाते. विसरलेली गोष्ट कोनाड्यात पडते. 'भिंतीला कान असतात' आणि 'भिंतीला तुंबड्या लावणे' हे वाक्प्रचार भिंतीचे असले तरी त्यांत भिंत म्हणजे केवळ आडोसा वा निर्जीव वस्तू. भिंतीवरच्या चित्राने रोजच्या बोलीत अशी जागा मिळविलेली नाही. 'चित्रलिखितासारखा' हा प्रयोग आहे, पण तो संस्कृताच्या वळणाचा आणि ग्रंथांतून आलेला. बोलीचा पुरावा असा की, भिंतीचा दागिना म्हणजे खुंटी आणि कोनाडा.

खुंटीचा वंश तर फार जुना आहे. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात भिक्खूंच्या निवासासंबंधी जे नियम आहेत त्यांत भिंतीला खिळा आणि 'नागदंतक' म्हणजे हस्तिदंताच्या आकाराची खुंटी लावण्यास अनुज्ञा दिलेली आहे. कामसूत्रातल्या नागरकाच्या खोलीतही वीणा नागदंतावर अडकविलेली असते. चित्रफलक आणि कुंचल्यांची पेटी शेजारी असते. म्हणजे ह्या रसिकाच्या घरातले चित्र फळ्यावर आहे, हातात घेता येणारे आहे. भिंतीला चित्राची गरज लागलीच पाहिजे असे नाही, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

चुल्लवग्गातील त्याच प्रकरणात भिंतीच्या रंगाचा विषय येतो. निवासाच्या भिंतींना पांढरा रंग, काळा रंग आणि गेरूचे काम एवढ्याला मोकळीक आहे. स्त्रीपुरुषांच्या आकृती रंगविण्याला मनाई केली आणि त्याऐवजी माळांचे काम, वेलींचे काम, मकरदंतक म्हणजे दातेरी नक्षी, आणि 'पंचपटिक' म्हणजे पाच पट्ट्यांची विभागणी चालेल असे म्हटले. नियम भिक्खूंसाठी असले तरी ही यादी संघाने स्वतः घडविली असेल असे वाटत नाही. घरोघर जे चाले त्यातलेच निरुपद्रवी ते निवडलेले असावे. पांढरा चुना, खाली गेरूचा वा काळा पट्टा, पट्ट्याच्या काठाने वेल किंवा दाते : पन्नास-पाऊणशे वर्षांपूर्वीच्या महाराष्ट्रातल्या कोणत्याही खेड्यात सारवलेल्या घरात हेच दिसे. खालच्या पट्ट्याचे कारणही घरगुती आहे. माणसे भुईवर बसत, पाठ भिंतीला टेके, डोक्याचे तेल लागे. गेरूवर ते दिसत नसे.

आता त्या चुकीच्या अनुमानाकडे वळावे. वाड्याच्या भिंतीचे शब्द गोळा केले तर त्यांचे दोन थर पडतात. भिंत, खांब, खण, तुळई, कोनाडा, देवळी, खुंटी, चुना (संस्कृत 'चूर्ण') हे देशी घराण्यातले. गिलावा, सफेती, कमान, महिरप, तसबीर, दिवाणखाना, तक्तपोशी हे फारसीच्या मार्गाने आलेले. त्यांपैकी महिरप आणि तसबीर मूळचे अरबी. 'गिलावा' हा तर फारसीत 'गिल' म्हणजे माती आणि 'आब' म्हणजे पाणी ह्यांपासून झालेला शब्द. ह्यावरून, सांगाडा आपला आणि साजशृंगार परका, अशी सरळ वाटणी करून मोकळे होण्याचा मोह पडतो. मराठी घराची भिंत सुलतानी अमलापूर्वी ओबडधोबड होती आणि गुळगुळीत गिलावा बहमनी-आदिलशाही कारागिरांनी आणला, असे म्हणणे मग दूर नसते.

वस्तुस्थिती तशी नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर ह्याच्या 'मानसोल्लासा'त, म्हणजे इ. स. ११३० च्या सुमारास, चित्रासाठी भिंत तयार करण्याची कृती सविस्तर दिलेली आहे. प्रथम चुन्याने भिंत गुळगुळीत, निर्दोष करावी. म्हशीचे ताजे कातडे पाण्यात लोण्यासारखे मऊ होईपर्यंत शिजवून त्याच्या कांड्या वाळवाव्यात. ह्या 'वज्रलेपा'ची कांडी गरम पाण्यात विरघळवून पांढऱ्या मातीत कालवावी आणि कोरड्या भिंतीवर तिचे तीन लेप द्यावेत. त्याहून सहा-सात शतके जुन्या अजिंठ्याच्या भिंतींवर भाताचा तूस आणि वनस्पतींचे तंतू मिसळलेल्या मातीचा थर आणि त्यावर चुन्याचा पातळ लेप आहे. म्हणजे गिलावा येथे होता. त्याचे नाव 'लेप' होते. नाव बदलले ते बांधकामाचे आश्रयदाते बदलले म्हणून. मोठ्या इमारती ज्यांच्या हुकुमाने उठतात त्यांच्या कारखान्याची परिभाषा गवंड्याच्या तोंडी बसते. शिवकाळात रघुनाथ पंडिताच्या 'राज्यव्यवहारकोशा'ने दरबारातील फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द सुचविले. तरी गवंड्याचा गिलावा गिलावाच राहिला.

मग ह्या शब्दांतून काहीच निष्कर्ष निघत नाही काय? निघतो, पण वेगळा. 'लेप' शब्द मराठीतून गेला नाही. तो औषधाला आणि मूर्तीला उरला. 'लिंपणे' हे क्रियापद कुडाला, चुलीला, कणगीला उरले आणि स्त्रियांच्या कामाचे नाव झाले. 'गिलावा' पैसे घेऊन काम करणाऱ्या पुरुष कारागिराकडे गेला. शब्दांची विभागणी देशी आणि परकी अशी दिसते. प्रत्यक्षात ती घरचे हात आणि बोलावलेले हात अशी आहे. भिंतीच्या सजावटीचा इतिहास लिहिताना ही दुसरी विभागणी अधिक उपयोगी पडते.

घरचे हात आणि बोलावलेले हात ह्यांविषयी एक शास्त्रवचनही आहे. विष्णुधर्मोत्तर पुराणातील चित्रसूत्रात घरातील चित्रांसंबंधी निर्बंध सांगितले आहेत. राहत्या घरात शृंगार, हास्य आणि शांत ह्याच रसांची चित्रे असावीत; युद्ध, स्मशान, करुण प्रसंग, मृत्यू ही राजसभेत वा देवळात चालतील, घरात नकोत. त्याच ओघात एक विलक्षण नियम येतो : स्वतःच्या घरात स्वतःच्या हाताने चित्रकर्म करू नये. नियमाचे कारण ग्रंथकार देत नाही. चिताऱ्यांच्या पोटापाण्याची ही तरतूद असावी, अशी शंका घेण्यास हरकत नाही. काहीही असो, महाराष्ट्रातील स्त्रियांनी हा नियम कधी पाळलेला दिसत नाही. नागपंचमीचे नाग, श्रावणातली जिवती, ही भिंतीवरची व्रतचित्रे घरच्याच हाताने होत आली. ती चित्रे सणापुरती असत. पुढच्या लिंपणात जात. ह्यामुळेच इतिहासात त्यांची नोंद नाही. पुसून पुन्हा काढणे हा ज्या कलेचा धर्म, तिचे जुने नमुने मिळणार कोठून?

ठाणे-पालघर भागातील वारल्यांचा लग्नचौक ह्याच घरच्या हातांच्या परंपरेतला. कुडाची आतली भिंत शेणमातीने लिंपून गेरूने तांबडी करायची, तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग, आणि काठीचे टोक चावून केलेला कुंचला. चौक काढणाऱ्या सवासिनी. मध्ये चौकोन, चौकोनात पालघाट देवी, आणि चौकोनाच्या कडेने पट्ट्यांमागून पट्टे. भिंत केवढीही लांब असली तरी चित्राचा आरंभ चौकटीपासून होतो. वाड्याच्या भिंतीत लाकडाने जे काम केले ते येथे रेघेने केले. पांढरा, गेरू, पट्टे आणि दातेरी काठ ही सामग्री चुल्लवग्गातल्या यादीशी किती जुळते, हे पाहण्यासारखे आहे. त्यावरून बौद्ध प्रभाव सांगण्याचे कारण नाही. दोहोंचे मूळ एकाच प्रकारच्या मातीच्या भिंतीत आहे.

दक्षिण कोकण आणि गोव्यातील 'कावी' कामाचा येथे उल्लेख केला पाहिजे, जरी ते बोलावलेल्या हातांचे आहे. चुन्याच्या पांढऱ्या थरावर काव मिसळलेला तांबडा थर द्यायचा आणि तो ओला असतानाच अणकुचीदार हत्याराने खरवडून खालचा पांढरा वर आणायचा, अशी ही रीत. देवळांप्रमाणे घरांच्या भिंतींवरही ती आढळते. जुन्या मराठीत चित्र 'लिहीत' असत. 'लिख्' धातूचा मूळ अर्थ ओरखडणे असाच आहे. कावीचा कारागीर तो अर्थ आजही अक्षरशः चालवितो. गंमत अशी की गोव्यात 'चितारी' ही संज्ञा मात्र लाकडावर लाखेचे रंगकाम करणाऱ्या कारागिराला लागली आणि भिंतीपासून दूर गेली.

पेशवाईतील वाड्यांकडे ह्या पार्श्वभूमीवर पाहावे. शनिवारवाडा १७३२ साली राहता झाला आणि पुढे वाढत गेला. १८२८ च्या आगीत तो जळाला, त्यामुळे त्याच्या रंगविलेल्या भिंतींविषयी वर्णनांवरच भागवावे लागते. तेथील चित्रांच्या संदर्भात जयपूरच्या भोजराज ह्या चिताऱ्याचे नाव सांगितले जाते. ('रंगमहाल' ह्या शब्दातील रंग चिताऱ्याचा नव्हे, तो विलासाचा, नाचगाण्याचा. लोकव्युत्पत्तीने मात्र तो भिंतीवर आणून ठेवला आहे.) प्रत्यक्ष पाहावयाचे तर वाईजवळ मेणवलीचा नाना फडणिसांचा वाडा, वाईची रास्त्यांची मोतीबाग, चांदवडचा होळकरांचा रंगमहाल ही ठिकाणे आहेत. चितारी उत्तरेकडचा असो वा इकडचा, त्याला मिळालेली भिंत खणांची होती. त्यामुळे चित्र बहुधा महिरपी कोनाड्यात, दारावरच्या जागेत किंवा दोन खांबांमधल्या चौकटीत बसले. विषय रामायण-महाभारताचे, दशावतारांचे, दरबाराचे. युद्धाला घरात मज्जाव करणारे चित्रसूत्र येथे कोणी उघडून पाहिले असेल असे दिसत नाही.

अजिंठ्याशी तुलना केली की ह्या चौकटीचे महत्त्व अधिक स्पष्ट होते. सतराव्या लेण्यात डाव्या लांब भिंतीवर विश्वंतर जातक आणि उजवीकडे सिंहलावदान असे मोठे कथापट आहेत. तेथे भिंत खडकाची. तिच्यात खांब नाहीत, खण नाहीत, मध्ये येतात ती फक्त कोठड्यांची दारे. चित्रकाराला अखंड लांबी मिळाली, तर त्याने स्वतः खांबांचे मंडप, वेशी आणि दारे रंगवून प्रसंगामागून प्रसंग वेगळे केले. घराची सवय खडकातही सुटली नाही. वाड्यातील चिताऱ्याला हे करावे लागले नाही. सुताराने ते आधीच करून ठेवले होते. ह्या सोयीची किंमतही पडली. अजिंठ्यातील कथा भिंतीवरून वाहत जाते, तशी वाड्यातली वाहत नाही; एकेका खणात ती एकेक देखावा होऊन थांबते. मराठा भित्तिचित्रांना कथनाचे अंग लंगडे आहे असा आक्षेप घ्यावयाचा झाल्यास त्याचा निम्मा दोष तरी घराच्या सांगाड्याकडे जातो.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दोन गोष्टी जवळजवळ एकाच वेळी घडल्या. मुंबई-पुण्याच्या नव्या घरांतून आणि चाळींतून भार घेणाऱ्या विटांच्या भिंती आल्या. खांब भिंतीत बुडाले आणि खणाच्या खुणा नाहीशा झाल्या. कोनाडा करायचा तर भिंत जाड हवी. अर्ध्या विटेच्या आडभिंतीत त्याला जागा राहिली नाही. कोरी, लांब, सलग भिंत मराठी घरात प्रथमच उभी राहिली. आणि त्याच सुमारास छापील चित्र स्वस्त झाले. पुण्यात १८७८ साली विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने चित्रशाळा निघाली आणि रामपंचायतन, नाना फडणीस अशी शिळाछापाची रंगीत चित्रे घरोघर गेली. १८९४ साली मुंबईत रविवर्म्याचा छापखाना सुरू झाला. ज्या नानांच्या वाड्याच्या भिंतींवर चिताऱ्यांनी काम केले ते नाना स्वतः चित्र होऊन सामान्य कारकुनाच्या भिंतीवर आले.

ह्या छापील चित्राला मराठीने 'तसबीर' हा जुना दरबारी शब्द दिला, आणि काच-चौकटीसह चित्र असा त्याचा अर्थ पक्का केला. तसबिरी टांगण्याची रीत पाहिली तर तीत खणाची आठवण दिसते. त्या एका ओळीत, सारख्या अंतराने, तुळईच्या खाली उंचावर लावीत. वरची कड पुढे झुकवीत, म्हणजे भुईवर बसलेल्या माणसाला देवाचे मुख दिसावे. मधल्या अंतराला आता खांबाचा आधार नव्हता, तरी ओळ तशीच राहिली. खुंटीची जागा खिळ्याने घेतली. जिवतीही छापील कागदावर आली आणि भिंतीवर चिकटू लागली. घरच्या हाताने काढावयाच्या चित्रांपैकी एक अशा रीतीने बाजारात गेले. दरवर्षी बदलण्याचा त्याचा नेम मात्र सुटला नाही.

वारल्यांच्या चौकाचे उलट झाले. १९७० नंतर भास्कर कुलकर्णी ह्यांच्या प्रयत्नांनी तो कागदावर आला, जिव्या सोमा म्हसे ह्यांच्या हातून जगभर गेला, आणि जे काम सवासिनींचे होते ते पुरुषांचेही झाले. आता शहरी घरांच्या आणि उपाहारगृहांच्या लांब भिंतींवर गेरूच्या रंगात पांढऱ्या आकृतींच्या रांगा काढून घेण्याची चाल आहे. त्यात बहुधा तारप्याचा नाच असतो, शेत असते, बैल असतात. चौक नसतो आणि पालघाटही नसते. ह्या सजावटीला बोलीत नुसते 'वारली' म्हणतात, 'हॉलच्या भिंतीवर वारली काढली' असा प्रयोग सर्रास ऐकू येतो. एका जमातीचे नाव नक्षीच्या एका जातीचे नाव झाले आहे. 'खण' शब्दही घरातच आहे. पण विचारले तर लोक टेबलाचा वा कपाटाचा दाखवितात.